उत्क्रांतीचा पहिला धडा वनस्पतींचा असावा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्राची पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने नव्याने लिहिली जात आहेत. माध्यमिक इयत्तांच्या विज्ञानाच्या पुस्तकांची पाळी येईल तेव्हा एका प्रकरणाकडे बहुधा कोणाचेच लक्ष जाणार नाही. त्यावरून कधी वाद झालेला नाही आणि तक्ता पाठ केला की हमखास गुण मिळतात, म्हणून विद्यार्थ्यांचीही त्याबद्दल तक्रार नसते. हे प्रकरण म्हणजे नववीतील वनस्पतींचे वर्गीकरण. ते आज ज्या रूपात शिकवले जाते ते कालबाह्य तर आहेच, पण त्याहून गंभीर गोष्ट अशी की उत्क्रांतीची कल्पना मुलांना सर्वांत सहज जिथे समजू शकली असती, नेमकी तिथेच ती वगळली गेली आहे. वर्गीकरण नववीत आणि उत्क्रांती दहावीत अशी विभागणी मोडावी आणि वनस्पतींचे वर्गीकरण हाच उत्क्रांतीचा पहिला धडा करावा, असे माझे मत आहे.

सध्याच्या मालिकेत आठवीच्या विद्यार्थ्याला रॉबर्ट व्हिटाकर यांची १९६९ची, सर्व सजीवांचे पाच मोठे गट करणारी पंचसृष्टी पद्धती शिकवतात. पुढच्या वर्षी त्याला जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आयक्लर यांची १८८३ची पद्धत शिकावी लागते. आधी अबीजपत्री (बिया नसलेल्या) आणि बीजपत्री (बिया असलेल्या) असे दोन भाग करायचे. मग पहिल्यात थॅलोफायटा (शैवाले), ब्रायोफायटा (मॉस वगैरे), टेरिडोफायटा (नेचे वगैरे) आणि दुसऱ्यात अनावृत्तबीजी (उघड्या बियांच्या, जसे सायकस) व आवृत्तबीजी (फळात बिया झाकलेल्या, म्हणजे सपुष्प). शेवटी आवृत्तबीजींचे एकबीजपत्री (बीत एक दल) आणि द्विबीजपत्री (बीत दोन दले). म्हणजे विद्यार्थी एक इयत्ता पुढे जातो आणि शास्त्र शहाऐंशी वर्षे मागे जाते. हे दोन आराखडे एकमेकांशी जुळत नाहीत, हे पुस्तक सांगत नाही. तल्लख मुलाला ते स्वतःहून जाणवले, तर पुस्तकाप्रमाणे लिही, एवढेच उत्तर त्याला मिळण्याची शक्यता अधिक.

जुनेपणा हा स्वतःहून दोष नाही. अडचण अशी की या कप्प्यांपैकी काही खरे गट आहेत आणि काही केवळ सोयीचे ढीग आहेत, आणि पुस्तकात दोन्ही एकाच ठशात छापलेले असतात. थॅलोफायटाचेच पाहा. या गटाची उदाहरणे म्हणून स्पायरोगायरा, अल्वा आणि सारगॅसम ही नावे मुले पाठ करतात. मूळ, खोड, पान नसलेले, बहुधा पाण्यात राहणारे असे शरीर एवढेच या तिघांत समान आहे. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला दिसणारे तपकिरी सारगॅसम हिरव्या वनस्पतींच्या वंशातले नाहीच. त्याच्या पूर्वजाने फार प्राचीन काळी एक तांबडे शैवाल पेशीत सामावून घेतले आणि हरितलवक आयते मिळवले. त्याच किनाऱ्यावरची हिरवीगार अल्वा खरोखर हिरव्या वनस्पतींची नातलग आहे, पण दूरची. डबक्यातला बुळबुळीत स्पायरोगायरा मात्र जमिनीवरच्या सर्व वनस्पतींच्या अगदी जवळ येतो. गेल्या दशकभरातील जनुकीय अभ्यासांनुसार स्पायरोगायरा ज्या शैवालगटात मोडतो, तोच गट आजच्या सजीवांपैकी भूवनस्पतींचा सर्वांत जवळचा नातलग ठरतो. याचा सरळ अर्थ असा की स्पायरोगायरा हा अल्वापेक्षा आंब्याच्या झाडाला जवळचा आहे, आणि या तिघांना एका कप्प्यात घालून आंब्याला दुसऱ्यात टाकणारा तक्ता नाते नेमके उलटे सांगतो.

ही केवळ नोंद दुरुस्त करण्याची बाब नाही. सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी गोड्या पाण्यातल्या कोणत्या तरी शैवालांच्या वंशजांनी जमिनीवर मुक्काम केला, ही पृथ्वीच्या इतिहासातली फार मोठी घटना. त्यानंतर माती बनण्याची रीत बदलली, हवेतील वायूंचे प्रमाण बदलले आणि प्राण्यांना जमिनीवर खाद्य मिळू लागले. कोरडेपणा सोसायला लागणारी काही जनुके भूवनस्पतींच्या या शैवाल-नातलगांकडेही आढळतात. म्हणजे जमिनीवर येण्याची काही तयारी पाण्याच्या काठावर, आटणाऱ्या आणि पुन्हा भरणाऱ्या डबक्यांत आधीच झाली होती. ज्या मुलांनी उन्हाळ्यात आटलेले आणि पावसाळ्यात पुन्हा हिरवे झालेले डबके पाहिले आहे, त्यांना हे समजायला काय अवघड आहे? पण ‘थॅलोफायटा : शरीर मूळ-खोड-पान असे विभागलेले नसते’ या वाक्यापुढे हा सारा इतिहास येतच नाही.

वरच्या बाजूला, सपुष्प वनस्पतींतही असेच घडते. एकबीजपत्री हा गट खरा आहे. गवत, केळी, नारळ, कांदा, आमरी हे सर्व एका पूर्वजाचे वंशज आहेत. द्विबीजपत्री हा गट मात्र खरा नाही. आजोबांच्या सगळ्या नातवंडांना एका नावाने ओळखायचे आणि एका मुलीची मुले तेवढी वगळायची, तसा तो प्रकार आहे. सीताफळ, सोनचाफा, मिरी, नागवेल आणि दालचिनी यांच्या बियांत दोन बीजपत्रे असतात, पण त्यांची शाखा वाटाणा, आंबा, सूर्यफूल यांच्या मोठ्या शाखेत बसत नाही. त्या मोठ्या शाखेच्या परागकणांना मुळात तीन खाचा असतात. सोनचाफ्याच्या परागकणाला एकच खाच असते आणि बहुतेक एकबीजपत्रींच्या परागकणालाही एकच. शाळेच्या चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली सोनचाफ्याचे आणि मोहरीचे पराग शेजारी शेजारी ठेवून हे दाखवता येते. तळ्यातले उदाहरण तर आणखी मासलेवाईक आहे. कमळ आणि कुमुद एकाच पाण्यात, सारख्याच दिसणाऱ्या पानांनी तरंगतात, म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांना एकाच कुळात ठेवले होते. आता कळते की कुमुद ही सपुष्प वनस्पतींच्या अगदी सुरुवातीला फुटलेली शाखा आहे आणि कमळाच्या जवळच्या नातलगांत काश्मीरचा चिनार येतो. पाण्याने दोघांना सारखे घडवले, एवढेच.

आता जुन्या पद्धतीची बाजूही नीट मांडली पाहिजे. भारतात वनस्पतिशास्त्राचे शिक्षण आणि हर्बेरियमची, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहांची, कपाटे दीर्घकाळ बेंथम आणि हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांच्या पद्धतीने लावलेली आहेत. त्यांचा ग्रंथ १८६२ ते १८८३ या काळात खंडाखंडाने प्रसिद्ध झाला. मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केली. हे गृहस्थ पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य होते. आजही सह्याद्रीत नमुना गोळा करून त्याचे नाव शोधणारा अभ्यासक त्यांच्या वर्णनांकडे वळतो. हे काम अव्वल दर्जाचे आहे आणि ओळख पटवण्यासाठी आजही उपयोगी आहे. मात्र एक विसंगती लक्षात घेतली पाहिजे. जोसेफ हूकर हे डार्विनचे जिवलग मित्र आणि त्यांच्या सिद्धांताचे पहिल्या फळीतले समर्थक. डार्विनचा ग्रंथ १८५९ला आला आणि बेंथम-हूकरांच्या कामाचा पहिला भाग त्यानंतर तीन वर्षांनी. तरीही त्यांनी मांडणी नात्यावर बेतली नाही. अनावृत्तबीजींना तर त्यांनी द्विबीजपत्री आणि एकबीजपत्री यांच्या मधोमध बसवले, जे वंशाच्या दृष्टीने कोणत्याच अर्थाने बरोबर नाही. त्या काळी फुलांच्या वनस्पतींचा वंश उलगडण्याची साधने हाताशी नव्हती. डार्विन यांनी १८७९ मध्ये हूकरांनाच लिहिलेल्या पत्रात सपुष्प वनस्पतींच्या झपाट्याने झालेल्या प्रसाराला अतिशय त्रासदायक कोडे म्हटले होते. हूकरांना ओळखपद्धत हवी होती आणि ती त्यांनी दिली. दोष त्यांचा नाही. ओळख पटवण्याची पद्धत आणि नाते सांगण्याची पद्धत यांत फरक असतो, हे दीडशे वर्षांनंतरही मुलांना न सांगणारे आपण दोषी आहोत.

नात्याची मांडणी काय देते, असा प्रश्न रास्त आहे. सपुष्प वनस्पतींच्या वंशावळीवर एकत्र काम करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गटाने १९९८ मध्ये पहिली मांडणी जाहीर केली आणि २०१६च्या चौथ्या आवृत्तीत ६४ गण (गण म्हणजे जवळच्या कुळांचा गट) व ४१६ कुळे मान्य केली. या मांडणीत साग आणि तुळस एकाच कुळात येतात. पूर्वी साग घाणेरीच्या कुळात होता. सागाची कोवळी फांदी चौकोनी असते, तुळशीचे खोडही चौकोनी असते, तेव्हा नाते ठरवायला एवढे पुरे, असे कोणाला वाटेल. पण घाणेरीचे खोडही चौकोनी असते. एका लक्षणावर नाते ठरत नाही, अनेक स्वतंत्र पुरावे एकाच दिशेने बोलू लागले की ठरते. ही शिस्त जीवशास्त्राच्या कोणत्याही व्याख्येपेक्षा मोलाची आहे. रुई आणि कण्हेर एका कुळात आल्या. भेंडी, कापूस, काटेसावर आणि फालसा एका कुळात आले. याउलट जुन्या लिली कुळात एकत्र दाटलेले कांदा, शतावरी, कोरफड आणि कळलावी आता चार वेगळ्या कुळांत विभागले गेले.

पण सर्वांत पटणारे उदाहरण स्वयंपाकघरातले आहे. पपईची बी चावली तर जीभ मोहरीसारखी चुरचुरते. शेवग्याच्या मुळीची चवही तिखट असते. या तिन्हींत मोहरीच्या तेलाला उग्रपणा देणारी संयुगे असतात, पण बाह्य रूपावर बेतलेल्या वर्गीकरणांत मोहरी, पपई आणि शेवगा एकमेकांपासून दूर होते. स्वीडिश-डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉल्फ डालग्रेन यांनी १९७०च्या दशकात रसायनाच्या आधारे त्यांना एकत्र आणण्याचे धाडस केले. नव्वदच्या दशकात डीएनएच्या पुराव्याने त्यांना दुजोरा दिला, आणि आज तिघे एकाच गणात आहेत. एक अपवादही सापडला, तो आपल्याकडच्या पुत्रंजीव या वृक्षाच्या कुळात. तिथे हीच संयुगे स्वतंत्रपणे, दुसऱ्यांदा निर्माण झाली. डबकी, वाळवंटे आणि किडींचा उपद्रव सारखे प्रश्न उभे करतात, तेव्हा दूरचे वंश सारखी उत्तरे शोधतात. मेक्सिकोकडून आलेला फड्या निवडुंग आणि आपल्या डोंगरउतारावरचा चिकाळ थोर यांच्यात कोणतेही जवळचे नाते नाही. वंशवृक्ष हाती असला तरच नात्यामुळे आलेले साम्य कोणते आणि परिस्थितीमुळे आलेले कोणते, हे वेगळे करता येते. तो नसेल तर साम्य फक्त पाठ करायचे.

यावर नेहमीचा आक्षेप असा घेतला जातो की नवी नावे सतत बदलतात, मुलांनी काय काय लक्षात ठेवायचे? त्यासाठी बाभळीचा दाखला दिला जातो, म्हणून त्याकडे थोडे सविस्तर पाहू. ॲकेशिया ही प्रचंड मोठी प्रजाती (म्हणजे अनेक जातींचा गट) एका वंशाची नाही, हे स्पष्ट झाल्यावर ती फोडावी लागली. मूळ नाव कोणत्या तुकड्याकडे ठेवायचे, हा प्रश्न मग उरला. नियमाप्रमाणे ते आपल्या बाभळीकडे राहायला हवे होते, कारण प्रजातीचा नमुना म्हणून बाभूळच नेमलेली होती. पण ऑस्ट्रेलियात या वर्गातल्या सुमारे हजार जाती आहेत आणि त्या सर्वांची नावे बदलण्यापेक्षा नमुनाच बदलावा, असा प्रस्ताव आला. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत त्यावर कडाक्याचा वाद झाला आणि २०११ मध्ये मेलबर्नच्या परिषदेत तो निर्णय कायम झाला. आपली बाभूळ व्हॅचेलिया झाली आणि खैर सेनेगालिया झाला. हा निर्णय आफ्रिकेतल्या आणि आपल्याकडच्या अनेकांना रुचला नाही, आणि मलाही तो न्याय्य वाटत नाही. पण या घटनेत दोन गोष्टी स्वच्छ वेगळ्या दिसतात. बाभूळ आणि ऑस्ट्रेलियातली ॲकेशिया वेगळ्या वंशाच्या आहेत, हा पुराव्याचा निष्कर्ष होता. त्यावर कोणी मतदान घेतले नाही. नाव कोणाला मिळावे, हा माणसांनी मतदानाने केलेला करार होता. दहावीच्या मुलाला हा फरक कळला, तर विज्ञानाचा निष्कर्ष आणि समाजाची सोय यांतला भेद त्याला आयुष्यभर उपयोगी पडेल. आणि बाभूळ शेवटी बाभूळच राहते. नावे पाठ करण्याचा भार वाढवा, असे कोणी म्हणतच नाही.

आता उत्क्रांतीच्या सार्वजनिक वादाकडे वळतो. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत जाहीरपणे सांगितले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही, आणि अभ्यासक्रमातून तो बदलला पाहिजे. देशातील तीन विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्याचे खंडन केले. पुढे राष्ट्रीय पातळीवरची पाठ्यपुस्तके काढणाऱ्या एनसीईआरटीने अभ्यासक्रमाचा भार कमी करण्याच्या नावाखाली दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा २०२३ मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि नागरिकांनी जाहीर पत्रावर सह्या केल्या. महाराष्ट्राच्या दहावीत तो भाग राहिला, ही समाधानाची गोष्ट आहे. तरी आपल्याकडचा भर प्राण्यांवर आणि विशेषतः मानवाच्या उत्क्रांतीवर आहे. सारी चर्चा माकडापाशी सुरू होते आणि तिथेच अडते, कारण माणसाच्या उगमाचा प्रश्न निघाला की श्रद्धा, अस्मिता आणि राजकारण हजर होतात. साग आणि तुळस यांचे नाते सांगितल्याने कोणाच्या भावना दुखावत नाहीत. विद्यार्थ्याला आधी वनस्पतींतून पुरावा तपासायची सवय लागली, तर वर्षभराने माणसाचा विषय निघेल तेव्हा तो तयार असेल.

‘कोणी पाहिले’ या प्रश्नाचे उत्तरही वनस्पती देतात, आणि तेही आपल्या ताटातून. सांगली-कोल्हापूरकडे ज्याची खीर करतात तो खपली गहू घ्या. त्याच्या पेशीत २८ गुणसूत्रे असतात. चपातीच्या गव्हात ४२. हजारो वर्षांपूर्वी, शेती सुरू झाल्यानंतर, खपलीच्या वर्गातल्या लागवडीच्या गव्हाचा कॅस्पियन समुद्राच्या परिसरातल्या एका रानगवताशी संकर झाला. त्या गवताला १४ गुणसूत्रे असतात. २८ अधिक १४, ही बेरीज तिसरीतले मूल करील. १९४०च्या दशकात मॅकफॅडन आणि सिअर्स या अमेरिकी संशोधकांनी हाच संकर पुन्हा घडवून दाखवला. अमेरिकेच्या वॉशिंग्टन आणि आयडाहो राज्यांत तर युरोपातून आलेल्या तीन रानफुलांच्या संकरातून अवघ्या काही दशकांत दोन नव्या जाती निर्माण झाल्या आणि १९५० मध्ये त्यांचे रीतसर वर्णन प्रसिद्ध झाले. सगळ्या जाती अशा झटपट बनत नाहीत, हे खरे. पण जात ही कायमची ठरलेली चौकट आहे, हा समज मोडायला एवढे पुरे आहे.

अश्मीभूत पुराव्यासाठी लंडनच्या संग्रहालयाचे चित्र छापायचीही गरज नाही. चंद्रपूर आणि वणी परिसरातला कोळसा म्हणजे डायनासोरांच्याही आधीच्या काळातली, ग्लॉसोप्टेरिस नावाच्या आता नामशेष झालेल्या सबीज वृक्षांची दलदलीतली जंगले. याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा गावाजवळ डायनासोरांची अश्मीभूत विष्ठा सापडली. तिच्यातले सूक्ष्म सिलिकाकण तपासून भारतीय आणि परदेशी संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले की त्या प्राण्यांच्या पोटात गवत गेले होते. तोपर्यंत गवतांचे कुळ डायनासोर नाहीसे झाल्यानंतर उदयाला आले, असे सामान्यतः धरले जाई. ज्वारी, भात, ऊस, बांबू ज्या कुळात येतात, त्या कुळाचे वय महाराष्ट्रातल्या एका गावच्या मातीने मागे नेले. ही गोष्ट महाराष्ट्राच्या पुस्तकात नसावी, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

शिक्षकांची एक अडचण खरी आहे. बीएस्सीला त्यांनी स्वतः बेंथम-हूकर शिकलेले असतात, नववीच्या वर्गात साठ-सत्तर मुले असतात आणि तपासायला सोपा असा तक्ता हाताशी असतो. पण तक्ता काढून टाकावा, असे मी म्हणत नाही. थॅलोफायटा, द्विबीजपत्री ही नावे शिकवावीत; फक्त ती ओळखीच्या सोयीसाठी आहेत, हे त्याच पानावर लिहावे आणि समोरच्या पानावर दहा-बारा फांद्यांचा एक वंशवृक्ष द्यावा, ज्यात स्पायरोगायरा, शेवाळी मॉस, सेलॅजिनेला, नेचे, सायकस, कुमुद, सोनचाफा, भात, कमळ आणि तुळस असतील. सेलॅजिनेला आणि नेचे जुन्या तक्त्यात टेरिडोफायटाखाली एकत्र असतात. वृक्षावर मात्र नेचे हे सेलॅजिनेलापेक्षा सायकसला जवळचे दिसतील, आणि मुले आपण होऊन विचारतील की असे का. दहावीच्या उत्क्रांतीच्या पाठात याच वृक्षाकडे परत जाता येईल.

शेवटी सगळे परीक्षेच्या प्रश्नावर येऊन थांबते, कारण आपल्याकडे जे विचारले जाते तेच शिकवले जाते. ‘पुढील वनस्पतींचे गट लिहा’ या प्रश्नाऐवजी वृक्षाचा एक तुकडा छापून ‘या तिघांपैकी कोणते दोघे एकमेकांना जवळचे, आणि ते कशावरून म्हणता?’ असा चार गुणांचा प्रश्न बोर्डाने नमुना प्रश्नपत्रिकेत घातला, तर पुढच्याच वर्षी मार्गदर्शिका, शिकवण्या आणि वर्ग सगळेच त्या वृक्षाकडे वळतील; अभ्यासक्रम समितीने नवी पाने लिहिण्याआधी मंडळाशी बोलून हा प्रश्न निश्चित करून घ्यावा.